बारा महिन्यांचं जेवण

मी लिहिणारा माणूस नाही. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. कुंभकोणमहून पापनाशमला जाणाऱ्या रस्त्यावर माझं वाइंडिंगचं दुकान आहे. आजूबाजूच्या शेतांतल्या जळलेल्या मोटारी येतात, मी त्या उघडतो, जुनी तार काढतो, नवी भरतो. तरुणपणी काही वर्षं पिंपरीला कारखान्यात होतो. हे लिहायचं मराठी तिथलं. आमचं घरातलं मराठी निराळं आहे. तंजावरच्या राजांच्या मागे आमचे लोक इकडे आले, पुढे राजे गेले, आम्ही राहिलो. पिंपरीत मी तोंड उघडलं की बरोबरचे हसायचे. म्हणायचे, त्यागराज, तू कुठल्या पोथीतून आलास?

माझी बायको अंबुजा गेली. तिच्या मरणात आणि माझ्या मुलाच्या व्हिसात जे काही घडलं ते कोणालातरी सांगायला हवं म्हणून लिहितो. इकडे सगळ्यांना ते ठाऊक आहे आणि प्रत्येकाचं मत ठरलेलं आहे.

शशांक आमचा एकुलता एक. गणितात एम.एस्सी., बी.एड. इथल्याच एका खासगी शाळेत शिकवायचा आणि संध्याकाळी घराच्या ओट्यावर शिकवण्या घ्यायचा. बाहेर जाऊन शिकवायचं हे त्याच्या डोक्यात फार वर्षं होतं. इंग्लंडात गणिताला शिक्षक मिळत नाहीत, ते आपल्याकडच्यांना घेतात, असं त्याला कोणीतरी सांगितलं. दोनदा त्याने अर्ज केले. एकदा शाळेने शेवटच्या फेरीत नाही म्हटलं, एकदा शाळा हो म्हणाली आणि मग त्यांनी पदच काढून टाकलं. तिसऱ्यांदा उत्तरेकडच्या एका समुद्रकाठच्या गावातली शाळा मिळाली. त्यांना आधी त्याने एक धडा शिकवून दाखवायला हवा होता, फोनवर.

त्या धड्याची तयारी अंबुजेने करून घेतली. ती दहावीपर्यंत शिकलेली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर केळफूल सोलत बसायची आणि शशांक समोर उभा राहून तिला इंग्रजीत अपूर्णांक शिकवायचा. ती मध्येच हात वर करायची.

"सर, मला कळलें नाहीं."

"अम्मा, इंग्रजींत विचार."

"सर, आय नॉट अंडरस्टँड."

"तसें नसतं."

"तिकडचीं पोरें शुद्ध बोलणार काय? तूं शिकव."

मग तो पुन्हा सांगायचा. ती मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायची, त्याला न रागावायची सवय व्हावी म्हणून. खऱ्या वर्गात मुलं चुकणार, तेव्हा चेहरा कसा ठेवायचा ते ती शिकवत होती. धडा झाला, दोन दिवसांत शाळेची मेल आली. अंबुजेने देवापुढे दिवा लावला आणि मला म्हणाली, "अहो, मी पास झालें."

तेव्हाच तिचं पोट फुगायला लागलं होतं. आम्हाला वाटलं वात आहे. तंजावरला नेलं. डॉक्टरांनी फोटो काढले, पाणी काढलं, तपासायला पाठवलं. अंडाशयाचा कॅन्सर होता, पोटभर पसरलेला. डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले आणि हळू आवाजात बोलले. मी आत आलो तर ती म्हणाली, "बाहेर नेऊन सांगायला मी बहिरी आहें काय? किती?"

मी म्हणालो, "औषध आहे."

"मी औषध विचारलें नाहीं."

मी रिपोर्ट पिशवीत भरायला लागलो. तिला कळलं.

त्याच दिवसांत व्हिसाची कामं चालली होती. एका घरात दोन्ही फायली. एका पिशवीत तिचे रिपोर्ट, दुसऱ्या पिशवीत त्याचे दाखले. इंग्रजीची परीक्षा झाली. मग क्षय नाही असा दाखला लागतो, त्यासाठी चेन्नईला जाऊन छातीचा फोटो काढावा लागतो. शशांक तो घेऊन आला आणि अंबुजेला दाखवला. ती अंथरुणावरून म्हणाली, "माझ्या पोटाचा फोटो काढला तर एवढी गर्दी निघाली. ह्याच्या छातींत कांहीं नाहीं म्हणे. दया तरी आहे काय, बघा नीट."

तो हसला नाही. म्हणाला, "अम्मा, मी नाहीं जात."

"जा म्हणून कोणी सांगितलें? अर्ज तर कर."

ती अशी होती. एक पायरी दाखवायची, जिना दाखवायची नाही.

मुलांना शिकवायला जायचं तर पोलिसांचा दाखलाही लागतो. त्यासाठी ठाण्यातून एक हवालदार घरी आला. ओट्यावर बसला, पाणी प्याला, कागद मांडीवर ठेवून तमिळमध्ये विचारायला लागला. मुलगा इथेच राहतो का, किती वर्षं, काही खटला आहे का. आतून अंबुजेचा आवाज आला, "एक आहे. तिशी आली तरी लग्न केलं नाही. तो लिहून घ्या, सर."

हवालदार हसला. "आजारी आहेत का?" त्याने मला विचारलं.

"हो."

"मुलगा जातोय मग?"

मी त्याच्या हातातला पाण्याचा पेला घेतला. तो उठताना दाराशी गेला आणि आत बघून म्हणाला, "अम्मा, तुमच्या मुलावर काही नाही. स्वच्छ आहे." ती म्हणाली, "ठाऊक आहे. धुतलाय कोणी?"

आता आमच्याकडची एक पद्धत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आईबाप मेले की मुलगा आग देतो. जो आग देतो तो पहिले दहा दिवस रोज पिंड घालतो, आणि मग वर्षभर, दर महिन्याला, मेलेल्या तिथीला मासिक करतो. त्या दिवशी गेलेल्या माणसाला नाव घेऊन जेवायला बोलवायचं असतं. त्याच्या जागी ब्राह्मण जेवतो. आग देणाऱ्याने वर्षभर समुद्र ओलांडायचा नाही. वर्ष भरलं की तो मोकळा. पुष्कळ लोक हे आता पाळत नाहीत. ज्याला विमान गाठायचं आहे तो तेराव्याच्या आत बाराही मासिकं एकदम उरकून घेतो. तशी सोय शास्त्रात आहे. अंबुजेचा भाऊ रविशंकर आता चेन्नईला असतो, पण आई गेली तेव्हा मस्कतला होता, त्याने आईचं तसंच केलं आणि गेला.

एका दुपारी शशांक शाळेत होता. मी जेवायला घरी आलो होतो. अंबुजेला दोन घास पेज दिली, तिने एक घेतला.

"अहो, इकडे बसा. आग तुम्ही द्यायची."

"कोणाला?"

"मला. अजून कोणाला, शेजाऱ्याला?"

मी रागावलो. असलं काय बोलतेस म्हणालो. तिने मला संपू दिलं आणि पुन्हा तेच सांगितलं. शशांकने आग दिली तर तो वर्षभर अडकेल. शाळा वर्षभर थांबणार नाही. दोनदा हातातून गेलं आहे, तिसऱ्यांदा तिच्यामुळे जायला नको.

"एकदम उरकतां येतं," मी म्हणालो. "रविशंकरनें केलें."

"बारा महिन्यांचें जेवण एका दिवशीं कोण जेवतं?" ती म्हणाली. "माझी आई जेवली काय? वर्षभर माझ्या स्वप्नांत येऊन तांदळाचा डबा उघडून बघत होती. मला तसें फिरायचें नाहीं. मला महिन्याच्या महिन्याला पाहिजे. तुम्ही घालाल."

"तर मग शशांकला विचारूं."

"विचारलेंत तर तो जात नाहीं. किंवा आग देतो आणि जातो, आणि मी उपाशी. त्याचा ह्या कशावर विश्वास आहे? त्याला सांगूं नोको. वचन द्या."

"तो रागावेल, अंबुजा."

"रागावूं दे. रागावून विमानांत बसूं दे. तिकडे थंडी असते म्हणे, राग कामाला येईल."

मी वचन दिलं. आज कोणी विचारलं की का दिलंस, तर तिने मागितलं म्हणून दिलं. ती फार काही मागत नसे.

आडी महिना, म्हणजे तिकडचा आषाढ, लागला होता. कावेरीला नुकतंच धरणाचं पाणी आलं होतं. रविवारी सकाळी मी कॉफी गाळत होतो, शशांक तिच्या पायांशी बसून फोनवर व्हिसाचा फॉर्म बघत होता. फॉर्म भरून गेलेला होता. चेन्नईला बोटांचे ठसे द्यायची तारीख पुढच्याच आठवड्यातली मिळाली होती. ती म्हणाली, "वास चांगला येतो." मी पेला घेऊन गेलो तोवर संपलं होतं. शशांकने तिचे दोन्ही पाय धरले होते.

माझी बहीण सुंदरी तिरुनागेश्वरमहून आली. शेजारचे आले. सुब्रह्मण्य वाध्यार आले; आमच्याकडे भटजींना वाध्यार म्हणतात. ते तमिळ आहेत, पण आमच्या घरची सगळी कार्यं त्यांच्याच हातची. त्यांनी अंगणात पाट मांडला, दर्भाचं पवित्र करून ठेवलं आणि शशांकला आंघोळ करून यायला सांगितलं.

शशांक विहिरीवर गेला. मीही गेलो. त्याने पाणी ओतून घेतलं, मीही घेतलं. त्याला वाटलं मी असाच करतो आहे, दुःखात माणूस काहीही करतो. दोघे ओल्या धोतरांनी अंगणात आलो आणि मी पाटावर बसलो.

"अप्पा, सरका," शशांक म्हणाला. हळू म्हणाला, लहान पोराला सांगावं तसं.

वाध्यार म्हणाले, "त्यागराज, तुम्ही कशाला भिजलात? मुलगा बसेल."

"मी बसतो."

"मुलगा असताना?"

"तिची इच्छा."

"इच्छेला काय विचारता? मुलगा उभा आहे समोर."

"नवऱ्याला अधिकार आहे का नाही, एवढं सांगा."

"मुलगा नसला तर आहे. आजारी असला, परगावी असला..."

"तो परगावी जाणार आहे."

"जाणार आणि गेला, यात फरक आहे हो."

सुंदरी दारातून पुढे आली. "अण्णा, तुला झालें तरी काय? पोटचा पोर कोपऱ्यांत उभा करून तूं आग देणार? लोक काय म्हणतील, पोर हिचा नव्हता म्हणतील!"

मी शशांककडे बघून सांगितलं. सगळ्यांच्या समोर सांगावं लागलं. "तूं दिलीस तर वर्षभर अडकतोस. अम्मानें मला सांगितलें आहे."

"मला कोणी विचारलें?"

"विचारलें असतें तर तूं गेला नसतास."

"मी आग देऊन गेलों असतों. मी ह्यांतलें कांहीं मानत नाहीं, तुम्हांला ठाऊक आहे."

"तूं मानत नाहींस. ती मानत होती. ती उपाशी राहिली असती."

त्याच्या धोतरातून पाणी गळत होतं. तो म्हणाला, "अप्पा, बाकीचें सगळें तुम्ही करा. आग तेवढी मला द्या."

मी वाध्यारांकडे बघितलं. त्यांनी नकाराची मान हलवली. जो आग देतो त्याचंच पुढचं सगळं. ते तुकडे करून वाटून घेता येत नाही.

"नाहीं," मी म्हणालो.

कोणीतरी त्याच्या खांद्याला धरून त्याला बाजूला घेतलं. वाध्यारांनी माझ्या बोटात पवित्र घातलं. ते मनापासून करत नव्हते, पण मंत्र नीट म्हणाले.

विस्तवाचं मडकं मी नेलं. शशांकने खांदा दिला. मसणात तोंडात तांदूळ घालायची वेळ आली तेव्हा तो इतर नातेवाइकांच्या रांगेत उभा राहिला. त्याच्या पुढे रविशंकर होता, मागे आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला. पाळी आली तेव्हा त्याने चार दाणे घातले आणि पुढे सरकला, कारण मागे माणसं होती. मग मी आग दिली.

दहा दिवस मी रोज नदीवर जाऊन पिंड घातला. डोकं आणि मिशी उतरवली. मिशी मी विसाव्या वर्षापासून ठेवली होती. घरी आल्यावर आरशात बघितलं नाही. शशांक घरात असायचा, पण मी ज्या खोलीत असेन तिथे नसायचा. गल्लीत बोलणं सुरू झालं होतं. दूधवालीने सुंदरीला विचारलं, हा दत्तक घेतलेला का? सुंदरीने ते मला जसंच्या तसं येऊन सांगितलं. ती असलं काही पोटात ठेवत नाही.

ठशांची तारीख त्या दहा दिवसांतच पडत होती. आदल्या दिवशी मी त्याच्या पलंगावर दाखल्यांची पिशवी काढून ठेवली. मला वाटलं तो फेकून देईल. त्याने ती उचलली आणि बसने गेला. दुसऱ्या दिवशी परत आला.

"झालें?" मी विचारलं.

"झालें."

"कांहीं विचारलें?"

"नाहीं. रांग होती." मग दाराकडे जाता जाता म्हणाला, "फॉर्मवर अम्मा जिवंत आहे. भरला तेव्हां होती."

पहिलं मासिक आलं. मी सकाळी आंघोळ करून बसलो. सुंदरीने स्वयंपाक केला. केळीची भाजी, उडदाचे वडे, पायस. वाध्यारांनी अंबुजेचं नाव आणि गोत्र घेऊन तिला बोलावलं, मी त्यांच्या मागून म्हणालो. ब्राह्मण जेवला. विडा दिला. शशांक ओट्यावर बसून होता. त्याला आत ये म्हणून सुंदरीने दोनदा हाक मारली. तो म्हणाला, "माझें काय काम आहे तिथें?" हे त्याने रागाने नाही म्हटलं. खरंच त्याचं काही काम नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पासपोर्ट आला. कुरियरवाल्याने तो दुकानात आणून दिला. मी हात पुसून पाकीट घरी नेलं, शशांकच्या हातात दिलं. त्याने उघडून बघितलं. व्हिसाचा कागद चिकटवलेला होता, त्यावर त्याचा फोटो, आणि ज्या तारखेच्या आत तिकडे उतरलं पाहिजे ती तारीख. तिकडची शाळा तोवर सुरू झाली होती, पण त्यांनी लिहिलं होतं की सहामाहीच्या सुट्टीनंतर आलात तरी चालेल.

मी आत जाऊन अंबुजेच्या फोटोसमोर उभा राहिलो. मिळाला, असं तिला सांगितलं. शशांकने पासपोर्ट लोखंडी कपाटात ठेवला आणि शाळेत गेला.

मी वाट बघत होतो की तो बॅग घेईल, गरम कपडे घेईल. इथे गरम कपडे मिळत नाहीत, चेन्नईहून आणावे लागतात. मी त्याला म्हणालो, मी आणूं काय. तो म्हणाला, नोको. त्याने शाळेत राजीनामा दिलेला नव्हता हे मला तिथल्या मुख्याध्यापकांच्या बोलण्यातून कळलं. त्यांची बोअरची मोटार मी दुरुस्त केली होती. ती न्यायला आले तेव्हा म्हणाले, बरं झालं, दहावीचा वर्ग अडला असता.

एका संध्याकाळी इंग्लंडच्या शाळेचा फोन आला. तिकडची मोठी बाई बोलत होती. मी आत होतो, शशांक ओट्यावर. अंबुजेसमोर तयार केलेल्या त्याच इंग्रजीत तो बोलत होता. मला थोडं थोडं कळतं. माझे वडील आहेत, तो म्हणाला. त्यांना दुसरं कोणी नाही. मी येऊ शकत नाही, मला माफ करा. बाई बराच वेळ काहीतरी सांगत होती. आवाजावरून चांगली वाटली. तो मध्ये मध्ये येस मॅम म्हणत होता.

फोन ठेवल्यावर मी बाहेर गेलो.

"मला काय झालें आहे?" मी विचारलं. "मी धडधाकट आहें. पाच हॉर्सपॉवरची मोटार एकटा उचलतों. माझ्या नांवावर कशाला नाहीं म्हणतोस?"

"तुम्हांला कांहीं झालें असें मी म्हटलें नाहीं."

"मग?"

"तिकडून इकडे यायला किती वेळ लागतो?" त्याने विचारलं. "दोन विमानें. मग चेन्नईहून गाडी. सुट्टी मिळाली तर. तिकीट मिळालें तर. तुम्ही किती वेळ बर्फावर राहाल, अप्पा?"

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतो ते. मग कळलं.

"तूं ह्यांतलें कांहीं मानत नाहींस," मी म्हणालो.

"मानत नाहीं."

"मग?"

"अम्माला मी रांगेत उभा राहून तांदूळ घातले. इस्त्रीवाल्याच्या पुढें. तुमच्या वेळीं मी रांगेत उभा राहणार नाहीं. तुमच्या वेळीं मी इथेंच असणार."

"शशांक, मी आणखी वीस वर्षें मरत नाहीं."

"नका मरूं. मी कुठें घाई करतों?"

मी त्याला शिव्या दिल्या. आयुष्यात पहिल्यांदा. तुझी आई ह्याच्यासाठी मेली काय, असंही बोललो. तो म्हणाला, "अम्मा कॅन्सरने मेली." आणि शिकवणीची मुलं यायला लागली म्हणून फळा पुसायला उठला.

मी सुंदरीला बोलावलं. तिने त्याला समजावलं, रडली, भांडली, रविशंकरला फोन लावून दिला. वाध्यारांनाही मी सांगितलं. ते येऊन बसले आणि म्हणाले, पोरा, मी तुला लिहून देतो, बाप गेला आणि तू नसलास तर दहनानंतरही मार्ग आहेत. शशांकने त्यांना कॉफी दिली. म्हणाला, "मार्ग असतीलच. तेव्हाही होते. तुम्हीच म्हणालात मुलगा बसेल, अप्पांनी ऐकलं नाही." वाध्यार त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत बघत नाहीत.

जाताना सुंदरी माझ्याजवळ आली. "वर्षाचा दोर सोडवायला गेलांत दोघें," ती म्हणाली, "आणि जन्माची गाठ मारून ठेवलींत." तिचं खरं होतं.

व्हिसावरची तारीख आली. मी दुकान उघडलं नाही. सकाळपासून घरात बसलो. शशांक नेहमीसारखा आंघोळ करून, इडली खाऊन, सायकल काढून शाळेत गेला. संध्याकाळी येताना केळीची पानं घेऊन आला, कारण दुसऱ्या दिवशी मासिक होतं आणि सुंदरीने त्याला पानं आणायला सांगितली होती. त्याने ती ओल्या फडक्यात गुंडाळून विहिरीजवळ ठेवली, सुकू नयेत म्हणून. मग ओट्यावर मुलं जमली. तो अपूर्णांक शिकवत होता. एका मुलीने हात वर केला, सर, मला कळलं नाही. त्याने फळा पुसून पहिल्यापासून मांडलं.

दुसऱ्या दिवशी मासिक झालं.

वर्ष भरायला अजून अवकाश आहे. तोवर मला मरता येत नाही, कारण मी मेलो तर तिला कोण वाढणार. वर्ष भरल्यावर मला मरायला हरकत नाही असं कधी कधी मनात येतं, म्हणजे तो सुटेल. पण तेव्हा त्याचं वय काय असेल, कुठली शाळा त्याला घेईल. शिवाय आग दिल्यावर त्याचं वर्ष सुरू होईल. हा हिशेब मी दुकानात बसून करतो आणि मोटारीची तार चुकीची गुंडाळतो.

मी शिकलेला नाही. मेलेलं माणूस महिन्याला जेवायला येतं की नाही मला माहीत नाही. पण मी तिला वचन दिलं आहे, म्हणून मी ती येते असंच धरून चालतो. वाध्यार नाव घेतात, गोत्र घेतात, मी म्हणतो, अंबुजा, ये. तिचं पान मांडलेलं असतं. तिला पाहिजे होतं तसं, महिन्याच्या महिन्याला, गरम.

आमच्या घरात आत यायचं तर ओट्यावरूनच यावं लागतं. दुसरी वाट नाही. म्हणजे जेवायला येताना दर महिन्याला तिला तो तिथे बसलेला दिसत असणार.